ॲम्पच्या बॅगेवरच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू वाचला. ऐन कार्यक्रमाच्या वेळी बॅगेची चेन अडकली आणि गिटारचा ॲम्प (आवाज मोठा करणारी स्पीकरची पेटी) काढताना तुमची धावपळ झाली, त्याबद्दल मनापासून दिलगिरी. चेनचा रनर बदलून देतो, पैसे नकोत. पण "माप न घेता शिवली, बाहेरचा खिसा नंतर चिकटवल्यासारखा दिसतो, १,६५० रुपये पाण्यात गेले" हे वाचून फार लागलं. दुकान लहान आहे आणि नवीन गिऱ्हाईक रिव्ह्यू बघूनच येतं, म्हणून घडलं ते सगळं लिहितो.

ऑर्डर देताना तुम्ही ॲम्प आणला नव्हता. रोलँडचा मायक्रो क्यूब जीएक्स आहे असं सांगून माप व्हॉट्सॲपवर पाठवलंत, २४७ बाय १७२ बाय २२७ मिलिमीटर. त्यावर सगळीकडून १० मिलिमीटरचा फोम धरला, हात आत जाईल एवढी ढील ठेवली आणि मग कापड कापलं. "आत आणखी काय ठेवणार?" हे मी स्वतः विचारलं होतं. "फक्त ॲम्प आणि एक केबल" हे तुमचं उत्तर चॅटमध्ये अजून आहे. ॲम्प नीट बसतो हे तर तुम्हीही लिहिलंय.

बॅग न्यायला आलात तेव्हा मात्र बरोबर बॉस कंपनीची दोन पेडल (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची यंत्रं) आणि ॲडॅप्टर होता. ते ॲम्पच्या पुढ्यातच कोंबायचं तुम्ही म्हणत होतात, मीच नको म्हटलं. ते पेडल म्हणजे धातूचा ठोकळा, जवळपास १३ सेंटिमीटर लांब, ७ रुंद आणि ६ उंच. ॲम्पला पुढे पाच इंची स्पीकर. गाडी खड्ड्यातून गेली की पेडल सरळ जाळीवर आपटणार. वर ठेवावं तर नॉबवर भार येतो. त्यासाठी खिसा बाहेरून, ॲम्पच्या पाठीकडे, मध्ये फोम राहील असा घेतला.

तयार बॅगेवर खिसा चढवला की शिवण बाहेरून दिसणारच. अस्तर उसवून आतून घ्यायची तर बॅग ठेवून जावी लागली असती, आणि तुमचा कार्यक्रम दुसऱ्याच दिवशी होता. आमचे कारागीर घरी निघाले होते, ते परत मशीनवर बसले. कडेला पायपिन (कापडी गोट) मारली, कोपऱ्यांना दुहेरी टीप घातली. त्या खिशाचा एक रुपया तुमच्याकडून घेतलेला नाही. "चिकटवल्यासारखा" हे त्यांनी मोबाईलवर वाचलं तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना.

भावाचं म्हणाल तर मॅटीत, म्हणजे बॅगेच्या साध्या कापडात, शिवली असती तर नक्कीच स्वस्त पडली असती. तुम्हाला दोन्ही कापडं हातात देऊन दाखवली होती, १,००० डेनियरचं, म्हणजे जाड धाग्याचं, नायलॉन तुम्हीच निवडलंत. एकटा ॲम्प २.७ किलोचा, पेडल वगैरे धरून चार किलोच्या आसपास जातं. पट्टा ५० मिलिमीटरचा लावला तो त्यासाठीच, आणि पट्ट्याबद्दल तुमची तक्रार नाही.

यापुढे सगळं सामान समोर मांडूनच माप घ्यायचं असं ठरवतोय, चेनचंही बघतो.

बॅग घेऊन या, ॲम्प आणि पेडलही आणा. खिसा आतून शिवून हवा असेल तर तसा करून देऊ, फक्त बॅग दोन-तीन दिवस ठेवावी लागेल. आणि पटलं तर रिव्ह्यूमधली ती खिशाची ओळ तेवढी बदला, स्टार आहेत तेवढेच राहू देत. संध्याकाळी सातच्या आत या, नंतर कारागीर नसतात.