खुलासा : भेगेवर सिमेंटचं पाणी ओतून काँक्रीट दुरुस्त होत नाही

‘काँक्रीटला भेग पडली की सिमेंट पातळ कालवून वरून ओता, दगडासारखं बसतं’ असा एक सल्ला सध्या फिरतोय. बसतं खरं, पण फार दिवस टिकत नाही. धुळीवर किंवा तेलकट डागावर ओतलेलं सिमेंट त्या धुळीलाच चिकटतं, खालच्या काँक्रीटला नाही. शिवाय पाणी जास्त असल्यामुळे ते वाळताना आकसतं आणि कडेने पापुद्रा सुटतो.

खरं काम ओतण्याआधीचं. हातोडीने भेगेच्या आजूबाजूला हलकेच ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर भाग शाबूत, बद्द आला तर आतून सुटलेला. तो सगळा छिन्नीने काढायचा, खालचा शाबूत भाग तारेच्या ब्रशने घासायचा, धुऊन टाकायचा. (ग्राइंडर लावणार असाल तर साधा रुमाल पुरत नाही, चांगला मास्क हवा, ती धूळ फुफ्फुसात बसते.) मग जुनं काँक्रीट भिजवून ठेवायचं, नाहीतर ते नव्या मालातलं (कालवलेल्या सिमेंट-वाळूतलं) पाणी शोषून घेतं. मात्र माल भरताना वर पाणी साचलेलं नको. पृष्ठभाग ओलसर, पण चकाकी गेलेला हवा.

आत गंजलेली सळई दिसली तर थांबा. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट फुटलेलं असतं. वरून लिंपलं तर पुन्हा फुटेल. तुळई, खांब किंवा स्लॅब असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. भरून झाल्यावर साध्या सिमेंटला किमान 7 दिवस पाणी मारावं लागतं.