नऊपैकी सहा फोन माझे होते

आज सकाळी पोह्यांसाठी कांदा चिरत असताना मोबाइल वाजला आणि लेकाच्या मोबाइलमधल्या ॲपने पाठवलेला त्याच्या गाडी चालवण्याचा साप्ताहिक अहवाल समोर आला. शंभरपैकी 71 गुण. करकचून ब्रेक 4 वेळा, वेगमर्यादेचे उल्लंघन 2 वेळा आणि गाडी चालवताना फोनचा वापर 9 वेळा. पुण्यातला वारजे ते आंबेगाव हा त्याचा रोजचा रस्ता, आणि परतताना नवले पुलाचा तो उतार, जिथे मागून येणाऱ्या कंटेनरचे ब्रेक लागतील की नाही हे कंटेनरवाल्यालाही ठाऊक नसते. तिथे हा मुलगा फोनवर बोलतो! मी त्याला पोह्यांच्या बशीसमोर बसवून पंधरा मिनिटे यथेच्छ झापले. त्याने शांतपणे पोहे संपवले, हात धुतले आणि आठवडाभरात आलेल्या कॉलची यादी उघडून मोबाइल माझ्यासमोर ठेवला. नऊपैकी सहा फोन माझे होते, दोन त्याच्या बाबांचे होते आणि एक कुठल्याशा मित्राचा.

"मग उचलतोस कशाला?" असे मी विचारले, कारण काहीतरी विचारणे भाग होते. "नाही उचलला की तू परत करतेस. मग बाबांना करायला लावतेस," एवढे बोलून तो हेल्मेट घेऊन निघून गेला.

दिवसभर बँकेत माझे लक्ष नव्हते. पहिला राग अर्थातच त्या ॲपवर निघाला. विम्याच्या निमित्ताने ते आमच्या घरात आले आणि घरात परीक्षक नेमल्याच्या आनंदात मीच ते आग्रहाने लेकाच्या मोबाइलवर घातले. ते काय करते, तर मोबाइलमधल्या जीपीएसवरून वेग मोजते आणि मोबाइलला बसणाऱ्या हिसक्यांवरून ब्रेक ओळखते. गाडी कोण चालवत आहे, याचा त्याला पत्ता नसतो. गेल्या महिन्यात लेक एसटीने साताऱ्याला आजीकडे गेला, तेव्हा खंबाटकी घाटात चालकाने मारलेल्या प्रत्येक ब्रेकचे गुण याचे कापले गेले. गुण वाढले की पिझ्झ्यावर सवलतीचे कूपन मिळते. वीस वर्षांच्या मुलाने जीव सांभाळावा म्हणून त्याला पिझ्झ्याचे आमिष दाखवायचे, ही कल्पना ज्याला सुचली त्याला मूल नसावे. मे 2024 मध्ये कल्याणीनगरात मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेल्यानंतर अल्पवयीन चालकाला जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, तेव्हा आपण सगळेच संतापलो होतो. मला ते कूपन त्या निबंधाच्याच जातीचे वाटते.

ॲपमुळे काहीच होत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. त्याचे करकचून ब्रेक आठवड्याला अकरावरून चारवर आले आहेत, हे मान्य करते. 2022 मध्ये विमा नियामकाने गाडी कशी चालवता यावर हप्ता ठरवण्याची मुभा दिली, तीही वाईट नसेल. पण त्या नऊ फोनचे काय?

आपल्या सोसायट्यांमध्ये काय चालते, हे माझ्या मित्रयादीतल्या कुणाला वेगळे सांगायला नको. सोळाव्या वर्षी कायद्याने पन्नास सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवता येते आणि आपण क्लासला उशीर होतो म्हणून त्याहून मोठ्या ॲक्टिव्हाची किल्ली हातात देतो. अल्पवयीन मुलाने मोटार वाहन कायद्याखालचा कुठलाही गुन्हा केला तर पालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद 2019 पासून कायद्यात आहे; ती आपल्याला ठाऊकही असते, पण ती दुसऱ्यांच्या मुलांसाठी केलेली आहे अशी आपली समजूत असते. वर पुन्हा 'आजकालची मुले' या विषयावर बोलायला आपण मोकळे. आणि ज्याच्या मोबाइलमधले ॲप सावकाश जा असे सांगत नाही, उलट किती मिनिटे उरली ते दाखवते, त्या डिलिव्हरीच्या मुलाचे काय? तोही वीस वर्षांचाच असतो. त्याची आईही त्याला फोन करत असेल. मागच्या रविवारी दही यायला उशीर झाला म्हणून मीही त्या मुलाला फोन लावला होता, हे लिहिताना मला अजिबात बरे वाटत नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते सहा फोन कशासाठी होते, ते मी आठवून पाहिले. दोन 'कुठे आहेस' म्हणून, एक 'जेवलास का' म्हणून, एक गॅसवाल्याचा नंबर मागायला. उरलेले दोन काही केल्या आठवेनात. आठवत नाहीत इतके ते बिनमहत्त्वाचे होते, आणि त्यासाठी तो त्या उतारावर एका हाताने गाडी चालवत होता.

सॅमसंगने 2016 मध्ये आपल्याकडच्या दुचाकीस्वारांसाठी एक चांगली सोय आणली होती. ती सुरू असली की फोन करणाऱ्याला सांगितले जायचे की समोरची व्यक्ती गाडी चालवत आहे आणि काम तातडीचे असेल तरच 1 दाबा. माझ्या धाकट्या भावाकडे तो फोन होता. मी 1 दाबला. त्याने घाबरून गाडी कडेला घेतली आणि "आई बरी आहे ना?" असे विचारले. मला येताना कोथिंबीर हवी होती.

आता सात वाजून दहा मिनिटे झाली आहेत. लेक साडेसहाला कॉलेजातून निघतो आणि नेहमी सातपर्यंत घरी येतो. मोबाइल मी मुद्दाम फ्रिजवर ठेवला आहे आणि त्याच्याच लॅपटॉपवर हे लिहीत बसले आहे. पोस्ट एवढी लांबली त्याचे खरे कारण तेच. त्याच्या बाबांनी दोनदा विचारले, "लावू का?" दोन्ही वेळा मी नको म्हटले. मघाशी लिफ्टचा आवाज आला होता, पण ती दुसऱ्या मजल्यावरच थांबली. आमचा चौथा.