स्वस्तात आइस फिशिंग म्हणजे जिवाशी खेळ? विस्कॉन्सिनच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. कमेंटखाली तुम्हीच "एक काका, विस्कॉन्सिन" अशी सही केलीये म्हणून काका म्हणतोय, राग नसावा. उत्तर लांबत गेलं म्हणून वेगळं टाकतोय.

ज्यांनी मूळ पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की ट्विन सिटीजमध्ये, म्हणजे मिनेसोटातल्या मिनियापोलिस-सेंट पॉलमध्ये, राहणाऱ्या चार मित्रांना जानेवारीत एक दिवस गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरायचे असतील तर रिसॉर्ट, गाइड, गरम केबिन यातलं काहीही न घेता माणशी १०० डॉलरच्या आत सगळं बसतं, आणि पुढच्या खेपेला तर फक्त आमिष आणि पेट्रोल. त्यावर काकांचं म्हणणं असं की बर्फावर काटकसर म्हणजे जिवाशी खेळ, ज्यांनी आयुष्यात बर्फ फक्त उसाच्या रसात बघितला अशा पोरांना मी तळ्यावर ढकलतोय, परवडत नसेल तर घरी बसावं, आणि एवढ्या पैशात कॉस्टकोतून चिक्कार सॅमन येतो.

सॅमनचं आधी मिटवतो. येतो, काका. शंभर टक्के येतो. पण माशाच्या किलोचा भाव काढायला कोणी उणे पंधरात बादलीवर बसत नाही, आमच्यातला एकजण तर पक्का शाकाहारी आहे, तो फक्त चहा करायला आणि बाकीच्यांना नावं ठेवायला येतो.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही स्वस्त आणि धोकादायक यांना एकाच दावणीला बांधलंत आणि मला तिथेच पटत नाही. बर्फाला तुमचं बजेट कळत नाही, त्याला फक्त वजन कळतं. मिनेसोटाच्या डीएनआरचा, म्हणजे इथल्या निसर्ग-मत्स्य खात्याचा तक्ता बघा: नवीन, पारदर्शक बर्फ असेल तर पायी जायला ४ इंच, स्नोमोबिलला ५ ते ७, लहान गाडीला ९ ते १०, मध्यम ट्रकला १३, आणि मोठा ट्रक मागे चाकांचं फिश हाउस ओढत नेणार असेल तर २० इंचांच्या वर. म्हणजे जो माणूस हजारो डॉलर घालून आत बंक बेड, टीव्ही, शेगडी असलेलं घर तळ्यावर नेतो त्याला आमच्या पाचपट जाड बर्फ लागतो. आम्ही गाडी पार्किंगमध्ये ठेवतो, सामान पोरांच्या प्लॅस्टिकच्या घसरगाडीत टाकतो, दोरी धरून ओढत चालत जातो. पैसे नाहीत म्हणून चालतो हे खरं, पण चालतो म्हणून बर्फावर वजनही कमी पडतं हेही तितकंच खरं ना? आणि गाडी बर्फाखाली गेली तर ती ३० दिवसांच्या आत बाहेर काढायची जबाबदारी इथे मालकाचीच, खर्चासकट. आमच्या बादलीच्या बाबतीत तो प्रश्न येत नाही.

हां, ते ४ इंच पांढऱ्या बर्फाला लागू नाहीत, हे मूळ पोस्टमध्ये होतं तरी परत लिहितो कारण नवीन लोक इथेच चुकतात. बर्फ पडून, वितळून, परत गोठून जो दुधाळ थर होतो त्याची ताकद पारदर्शक बर्फाच्या साधारण निम्मी, म्हणून तिथे जाडी दुप्पट धरायची. वर भुसभुशीत बर्फाचा जाड थर असेल तर तो पांघरुणासारखा वरच्या हवेची थंडी अडवतो, म्हणजे गोठायचा वेग कमी होतो, शिवाय भेगा झाकून टाकतो. आणि डीएनआर स्वतःच सांगतं की कुठलाही बर्फ शंभर टक्के सुरक्षित नसतो, ते मी खोडायला गेलेलो नाही.

आता तुम्ही उदाहरण दिलंत डिसेंबर २०२३ चं, अपर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा सुटला आणि शंभराहून जास्त लोक अडकले. बरोबर, आम्ही सगळ्यांनी ती बातमी बघितली. पण ते तळं कुठलं बघा. प्रचंड मोठं आणि उथळ, म्हणून इतरांच्या आधी गोठतं, म्हणून सीझन सुरू व्हायच्या घाईत राज्यभरातून लोक तिथे पळतात, त्यात तो हिवाळा विचित्र गरम होता. माझ्या पोस्टमधल्या ट्रिपमध्ये यातलं काय आहे? डिसेंबर नाही, जानेवारीचा दुसरा पंधरवडा आहे. चार-पाच तासांवरचं नावाजलेलं तळं नाही, ट्विन सिटीजच्या उपनगरातलं, प्लिमथचं मेडिसिन लेक आहे, तेही किनाऱ्याजवळ. लांबच्या ट्रिपचं एक वाईट असतं, पेट्रोल जाळून, सुट्टी टाकून, खोली बुक करून माणूस तिथे पोचला की बर्फ नीट नसला तरी "आता आलोच आहोत तर" म्हणून उतरतो. वीस मिनिटांवर घर असलं की परत फिरायला काही वाटत नाही, सरळ कोणाच्या तरी घरी जाऊन मिसळ करतात लोक.

मेडिसिन लेकही आंधळेपणाने घेऊ नका बरं का. एका बाजूने त्यात प्लिमथ क्रीक येतो आणि दुसरीकडून बॅसेट क्रीक निघतो, वाहतं पाणी असलं की वरचा बर्फ पातळ, त्यामुळे ओढ्याच्या तोंडाशी जायचंच नाही. मिनेटोंका तळ्यावर जाणाऱ्यांनी पुलाखालच्या चिंचोळ्या चॅनेलपासून लांब राहायचं, कारण तेच. आणि आधी बेट शॉपमध्ये, म्हणजे आमिषाच्या दुकानात जायचं. तिथून तीन-चार डॉलरच्या मेणअळ्या घेतल्या की काउंटरवरचा माणूस कुठल्या बाजूला किती इंच आहे, काल लोक कुठे बसले होते, सगळं न विचारता सांगतो. अळ्या ऑनलाइन मागवून हे मिळत नाही.

पैसे कुठे वाचवायचे नाहीत याची यादी मी दिली होती, ती तुमच्या नजरेतून सुटलेली दिसते. बुटांना लावायचे खिळेवाले क्लीट्स, गळ्यात अडकवायचे आइस पिक्स, म्हणजे दोन मुठी आणि त्यांना टोकदार खिळे, पडलात तर बर्फात रुतवून स्वतःला बाहेर ओढायला. पिक्सना दहाएक डॉलर पडतात आणि ते बॅगेत ठेवले तर शून्य उपयोग, गळ्यातच पाहिजेत. लांब दोरी. लाइफ जॅकेट, जे उन्हाळ्यात कयाकसाठी घेतलेलं प्रत्येकाच्या गॅरेजमध्ये पडलेलं असतंच, ते जाड कोटावरून घालायचं, दिसतं विनोदी, दिसू दे. आणि स्पड बार, लोखंडी पहारीसारखी असते, पुढे चालणाऱ्याने दणके देत जायचं, एका दणक्यात आरपार गेली तर आल्या पावली मागे. भोक पाडून जाडी मोजायची ती एकदाच नाही, निदान दर १५० फुटांवर.

थंड पाण्यात पडल्यावर काय होतं यासाठी मॅनिटोबा विद्यापीठाच्या गॉर्डन गीझब्रेख्ट यांनी रुजवलेला १-१०-१ नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. पहिला १ मिनिट श्वास ताब्यात आणायचा, धाप लागते तेव्हा घाबरायचं नाही. पुढची १० मिनिटं हातपाय कामाचे असतात, तेवढ्यात बाहेर यायचं, आणि ज्या बाजूने आलात त्याच बाजूला, कारण तिथल्या बर्फाने तुम्हाला आत्तापर्यंत पेललं होतं. शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो. लोक उलट समजतात, पडला की दोन मिनिटांत संपला, आणि त्या गैरसमजानेच हातपाय गाळतात. यातल्या कशालाच महागडं सामान लागत नाही, पाठ असावं लागतं.

हीटरबद्दल तुम्ही विचारलंत ते योग्य विचारलंत. बंद तंबूत प्रोपेनचा हीटर लावला की कार्बन मोनॉक्साइडची भीती असते, वास नाही रंग नाही, डोकं दुखायला लागतं आणि माणसाला वाटतं थंडीनेच दुखतंय. त्यामुळे तंबू-हीटर असेल तर हवा खेळती आणि बॅटरीवरचा अलार्म, याला पर्याय नाही. खर्चाच्या बाजूनेही बघा, तो लहानसा बडी हीटर एक पौंडाच्या सिलिंडरवर फुल ठेवला तर अडीच तास चालत नाही, बारीक ठेवला तर पाच-साडेपाच, म्हणजे दिवसभराला सिलिंडरचा ढीग. माझ्या प्लॅनमध्ये म्हणूनच तंबूही नाही हीटरही नाही. वाऱ्याकडे पाठ करून बादलीवर बसायचं, आत थर्मल, मध्ये लोकर, वर वारा अडवणारं काहीतरी, जीन्स अजिबात नाही कारण सुती कापड ओलं झालं की संपलं. थर्मासमध्ये आल्याचा चहा. फारच गारठलात तर गाडी समोर दिसते, जाऊन बसा. आणि वारा धरून उणे तीस दाखवत असेल त्या दिवशी मुळात जायचंच नाही, तळं कुठे पळून जात नाही.

बाकी सामानात मात्र खुशाल कंजूषपणा करा, यावर मी ठाम आहे. बर्फात भोक पाडायचा इलेक्ट्रिक ऑगर पाचशेच्या पुढे, हाताने फिरवायचा ६ इंची ऑगर जुना घेतला तर चाळीसेक डॉलरला आणि तोही चौघांत एक. पात्याला धार पाहिजे, बोथट असेल तर नुसतं बर्फाला गुदगुल्या होतात. दीड फूट बर्फात खांदे भरून येतात, पण चार जण आहात ना, पाळीपाळीने फिरवा, तेवढीच ऊब. पाण्याखालचं दाखवणारं सोनार यंत्र नको, गळाला वजन लावून खोली मोजता येते. भोकातला बर्फाचा चुरा काढायला दुकानात लांब दांड्याचं उपकरण मिळतं, आम्ही पुऱ्या तळायचा झारा नेतो, दोन्हीचं काम तंतोतंत तेच. छोटा रॉड रीलसकट वीस डॉलर. मेणअळी लावायची, तळापासून फूटभर वर ठेवायची आणि हळूच थरथरवायची, ब्लूगिल हे छोटे मासे दिवसभर कधीही येतात पण क्रॅपी जातीचे संध्याकाळी, म्हणजे जानेवारीत साडेचार-पाचच्या सुमारास, नेमके सगळे घरी जाऊया म्हणत असतात तेव्हा. वॉलाय माशाच्या मागे पहिल्या ट्रिपला लागूच नका. बर्फ मधूनच कडाड् करून आवाज करतो, तापमान बदललं की तो ताणतो-आक्रसतो त्याचा तो आवाज, तेवढ्यावरून पळत सुटायची गरज नसते (आमच्यातला मालवणचा गडी, ज्याला समुद्राची भीती नाही, तो पहिल्यांदा सुटला होता).

मासेमारीच्या लायसन्समध्ये वाचवायचं नाही, पण सवलती आहेत त्या घ्या. राज्यात सलग ६० दिवस राहणारा रहिवासी धरला जातो, वर्षाचं लायसन्स साधारण २५ डॉलर. सोळाच्या आतल्या इथल्या पोरांना लागत नाही. आणि जानेवारीत एक वीकेंड असा असतो की पोराला घेऊन गेलात तर इथे राहणाऱ्या मोठ्यांनाही लायसन्स माफ, पहिल्या ट्रिपला तोच धरला तर माणशी खर्च अजून खाली. मासे धरायची मर्यादा माणशी ब्लूगिल दिवसाला २०, क्रॅपी १०, काही तळ्यांना याहून कमी, ते आधी बघून ठेवा. कचरा सगळा परत आणायचा, २०२३ पासून त्याला वेगळा कायदाच आहे.

तुमचं एक मात्र मी जसंच्या तसं मान्य करतो. लेक ऑफ द वूड्ससारख्या अवाढव्य तळ्यावर किंवा मिल लॅक्सच्या मध्यावर जायचं असेल तर रिसॉर्टला पैसे द्या. ते लोक रोज बर्फ मोजतात, रस्ता आखतात, भेगांवर पूल टाकतात, आणि तुमचा पास त्यासाठीच असतो. तिथे स्वतःची अक्कल चालवून दहा-वीस डॉलर वाचवणाऱ्याला मीही शिव्या घालीन. पण ती वेगळी ट्रिप, आणि ज्याला अजून गाठही मारता येत नाही त्याने तिथून सुरुवात करून चारशे-पाचशे डॉलर घालवायचे आणि "आइस फिशिंग आपल्यासाठी नाही" म्हणून परत यायचं, हा सल्ला मला पटत नाही.

मित्रांमधल्या पैशाच्या वादावर कोणीच विचारलं नाही, खरं तर बुडणाऱ्यांपेक्षा तो प्रकार जास्त दिसतो. ऑगर, दोरी, स्पड बार एकाने विकत घ्यायचं आणि त्याच्याकडेच ठेवायचं, बाकीच्यांनी त्याला फक्त आमिष आणि पेट्रोल द्यायचं. चौघांत वाटणी केली की पुढच्या वर्षी एकजण टेक्सासला जातो आणि पाव ऑगर कुणाचा यावर ग्रुपवर आठवडाभर चर्चा चालते. आदल्या रात्री कॅन्सल करणाऱ्याने त्याच्या वाटचा डबा तरी पोचवायचा, हा आमचा नियम. मासे साफ करायचे ते घरी आल्यावर, रवा, तांदळाचं पीठ, मालवणी मसाला, कोकमाचं पाणी, ब्लूगिलचे तुकडे छोटे असतात त्यामुळे तव्यावर दोन-दोन मिनिटांत होतात.

तर काका, जानेवारीत सेंट क्रॉय नदी ओलांडून इकडे या, बादली आमच्याकडे जास्तीची आहे. तुमचं विस्कॉन्सिनचं लायसन्स मेडिसिन लेकवर चालणार नाही, एक दिवसाचं बाहेरच्यांचं काढून आणा, आणि तिकडे तुम्हाला तीन गळ टाकायची सवय असेल, इथे बर्फावर माणशी दोनच.