ताईंची खुर्ची

आज डोकं फिरलंय, तेव्हा शुद्धलेखन तपासत बसू नका.

सकाळी आमच्या महिला संस्थेच्या बैठकीत गावपातळीवरच्या एका कार्यकर्तीने विचारलं, "ताई, तीन महिन्यांचं मानधन कधी होईल?" एवढंच. आवाजही चढवला नाही. उत्तर आलं, "अगं, आपण नोकरी करत नाही, चळवळ करतो." सगळ्या हसल्या. ती वहीत मान घालून काहीतरी लिहीत राहिली. मी शेजारी होते. नुसत्या रेघा ओढत होती.

मला एकदम मावशी आठवल्या. 2016 चा वेचणीचा हंगाम. पांढरकवड्याच्या पलीकडून, दिवसाची मजुरी पाडून, पहिल्यांदाच बैठकीला आलेल्या. बोंडांनी ओरखडलेली बोटं. हॉलभर सतरंजी आणि समोर हाताची एकच खुर्ची. गुडघे धरले होते म्हणून बाई सरळ त्या खुर्चीत बसल्या. त्यांना सांगण्यात आलं, मावशी, खाली बसा, ती ताईंची आहे. उठता उठता म्हणाल्या, "मले वाटलं सगळ्याइचीच हाय."

आपल्याकडे म्हणे कोणी मोठं-लहान नाही, सगळ्या मैत्रिणी. मग चेकवर सही कोणाची? मुंबईच्या कार्यशाळेला कोण जातं आणि बचत गटाच्या वसुलीला उन्हात कोण फिरतं? पगारपत्रकातली आडनावं जरा वरून खाली वाचा, माझ्याशी वाद घालायची गरज उरणार नाही. तहसील कार्यालयात निदान दारावर पाटी असते, तक्रार कोणाविरुद्ध करायची ते कळतं. इथे साहेबच नाही, तर तक्रार कोणाची करणार? विचारलं की तुम्ही फुटीर, नाहीतर "घरचं टेन्शन आहे का गं तुला?"

आणि प्रशिक्षणात आम्ही काय शिकवतो? मथुरा प्रकरण. 1972, देसाईगंजचं पोलीस ठाणं, इथलंच, आपल्या विदर्भातलं. मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी ठाण्यातच बलात्कार केल्याचं प्रकरण. सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडलं तेव्हा 1979 मध्ये चार प्राध्यापकांनी थेट सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. हे मी स्वतः शंभरदा सांगितलंय, अंगावर काटा आणून. सरन्यायाधीशांना विचारता येतं. ताईंना मानधन विचारता येत नाही.

बरं, पैशाची ओढाताण खरी आहे. 2020 पासून परदेशी निधीत प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली, मान्य. पण ती ओढाताण नेहमी खालूनच का सुरू होते?

ताई वाईट नाहीत हो. नव्वदच्या दशकात शेवटची एसटी चुकवून, मार खाल्लेल्या बाईला घेऊन रात्रभर ठाण्यात बसून राहिलेली बाई आहे ती. मला सायकलवरून स्कूटीवर त्यांनीच आणलं. नवऱ्याने घराबाहेर काढलं तेव्हा दोन महिने त्यांच्याच घरी जेवले. म्हणून तर एवढं लागतं.

आणि वर "सांगण्यात आलं" असं लिहिलंय ना, ते खोडते. मावशींना मी उठवलं. ताईंनी नाही. ताई तोवर आल्याही नव्हत्या. मला कोणी सांगितलं नव्हतं, मलाच कळलं होतं कुठे कोण बसतं ते. मावशी नंतर कधी आल्या नाहीत. मी दोनदा त्यांच्या गावात गेले, दोन्ही वेळा दुसऱ्या गल्लीने.

आज सकाळी मीही हसले होते.

आत्ता हे लिहिता लिहिता ग्रुपवर ताईंचा मेसेज आलाय, उद्या सगळ्यांनी बरोबर दहाला. मी हात जोडल्याचं चित्र टाकलं. आधी टाकलं, मग लक्षात आलं.