रकाना निरंक

एका सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या माहितीपुस्तिकेतला, बॅकअप परत कसा बसवायचा हे सांगणारा रिकामा भाग मी भरून पाठवला, आणि काल रात्री तो महिन्याभराचा खटाटोप एका खुणेवरून नामंजूर झाला. इंग्रजी मथळा होता ‘रिस्टोअरिंग अ बॅकअप’. मोकळ्या जागा धरून अक्षरं 18, आणि खाली मी ओढलेली बरोबरच्या (=) खुणांची रेघ 17 ची. ही पुस्तिका रिस्ट्रक्चर्डटेक्स्ट नावाच्या पद्धतीने लिहितात, आणि तिच्यात रेघ मथळ्याएवढी तरी लागते. लांब चालते, आखूड नाही. एरवी स्फिंक्स, म्हणजे त्या मजकुराची पानं बांधणारा प्रोग्रॅम, यावर नुसता इशारा देऊन पुढे जातो, पण या प्रकल्पात बांधणीला डॅश कॅपिटल डब्ल्यू हा पर्याय लावून ठेवलाय. मग इशारा म्हणजेच चूक. लाल फुली!

आणि तोच मथळा, खाली एक ओळही नसताना, इतकी वर्षं हिरवी खूण मिरवत बसला होता. रेघ तेवढी बरोबर होती ना.

सांगलीत, विश्रामबागेत आमच्या शेजारी तात्या राहतात. निवृत्त तलाठी. सातबाऱ्याची प्रिंट काढायला आले होते, हातात भडंगाची पुडी. माझी मुद्रा बघून खुर्ची ओढून बसले.

“काय अडलंय?”

“फेरफार नामंजूर झालाय, तात्या. रिकामा रकाना भरला होता.”

“रिकामा? रिकामा रकाना ठेवायचाच न्हाई. काही नसंल तर ‘निरंक’ लिहायचं.”

“आत लिहिलेलं होतं. ‘माहीतगाराने हा भाग भरावा’ असं. टूडू म्हणतात त्याला. पण टूडू-इन्क्लूड-टूडूज ही सेटिंग मुळात बंद असते, त्यामुळे वाचणाऱ्याला नुसता मथळा दिसतो.”

तात्यांचा घास थांबला. “म्हंजे आतली वही येगळी, भायेरची येगळी? आरं, आमच्यात निलंबन व्हायचं!”

“माझ्या आधी एकाने हाच भाग भरून पाठवला होता. 60 दिवस कुणी बघितलं नाही, मग यंत्राने ‘शिळं’ अशी चिठ्ठी लावली, आणखी 7 दिवसांनी बंद करून टाकलं.”

“हरकत कुणी घेतली?”

“कुणीच नाही. कुणी बोललं नाही म्हणूनच बंद.”

“हरकत न्हाई म्हंजे नोंद प्रमाणित करायची असती, लेका! 15 दिवस नोटीस, हरकत आली न्हाई की मंडळ अधिकारी सही करतो. ह्यांचा मंडळ अधिकारी कुठाय?”

“मूळ माणसाने दुसरी नोकरी धरली.”

“मग वारस लावा. गाव नमुना 6 क.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी भडंग खाल्लं.

त्या बंद पडलेल्या माणसाचा मजकूर माझ्यापेक्षा बरा होता, हेही सांगून टाकतो. मी त्यातूनच सुरुवात केली. असा भाग भरताना लिहिणं शेवटी येतं. आधी कोऱ्या कंटेनरमध्ये, म्हणजे मशीनमधल्या वेगळ्या रिकाम्या कप्प्यात, सगळं नव्याने बसवायचं, कारण आपल्या मशीनवर वर्षानुवर्षांची जुळवाजुळव असते आणि तिथे सगळंच चालतं. पोस्टग्रेस या डेटाबेसचा बॅकअप कस्टम फॉरमॅटमधला असेल तर पीएसक्यूएल हा त्याचा नेहमीचा प्रोग्रॅम तो घेत नाही, पीजी-रिस्टोअर हा वेगळा लागतो. डेटाबेस आधी रिकामा तयार करा, नाहीतर ‘हे टेबल आधीच आहे’ची रांग लागते. बॅकअप काढणारा पीजी-डंप एका डेटाबेसपुरता असतो, वापरकर्त्यांच्या भूमिका, म्हणजे रोल, त्यात येत नाहीत. त्या पीजी-डंपऑलच्या ग्लोबल्स-ओन्ली या पर्यायाने वेगळ्या काढाव्या लागतात, नाहीतर मालकी लावताना ‘असा रोल नाही’. आणि नव्या पीजी-डंपची फाइल जुन्या पीजी-रिस्टोअरला पुष्कळदा वाचताच येत नाही. हे सगळं माणसाला कधी कळतं? सर्व्हर झोपलाय, रात्रीचे दोन वाजलेत आणि मथळ्याखाली पांढरं आहे, तेव्हा. बॅकअप घ्यायचं पान मात्र चित्रांसकट, साग्रसंगीत. घेणं सगळ्यांना आवडतं.

तात्यांच्या देखत मी एक खूण वाढवली आणि पुन्हा ढकललं. पुन्हा लाल. या वेळी कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, साइन्ड-ऑफ-बायची ओळ नाही म्हणून. मजकूर पाठवायचा हक्क मला आहे, असं ती ओळ सांगते. लिनक्स कर्नलवाल्यांनी 2004 मध्ये ही पद्धत पाडली. उपाय सोपा आहे. या नोंदी ठेवणाऱ्या गिटमध्ये कमिटला अमेंड आणि डॅश एस, मग फोर्स-विथ-लीजने पुश. नुसता फोर्स नको, मधल्या वेळात त्याच शाखेवर दुसऱ्या कुणी काही ढकललं असेल तर तेही पुसलं जातं.

“सही इसरलास?” तात्या कळवळून म्हणाले. “अंगठा तरी लावायचा.”

हिरवं झालं. आज सकाळी चक्क जिवंत माणसाचा शेरा आला. बॅकअपबद्दल, कोऱ्या मशीनबद्दल, रोलबद्दल अवाक्षर नाही. मथळ्यात एकवचन नको, आमच्या शैलीत अनेकवचन असतं, ‘रिस्टोअरिंग बॅकअप्स’ करा, एवढंच.

केलं. सवयीने अक्षरं मोजली.

17.

तात्यांना कुंपणावरून सांगितलं. “म्हंजे पयलीच नोंद बरोबर व्हती की,” म्हणाले, आणि सातबाऱ्याची प्रिंट पुसट आलीय, पुन्हा काढून दे, म्हणाले.