कॉफी, संत्रा आणि घरची ज्वारी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कॉफीवर जगणाऱ्या कुटुंबांवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "नगदी पीक चांगलं असेल तर सगळं वावर त्यालाच द्यावं, धान्य बाजारातून आणावं. मिश्र पिकाचा आग्रह म्हणजे कास्तकाराला गरीब ठेवणं. आणि नागपूरकरांना कॉफीचं काय घेणं?"

शेवटचं आधी. कॉफी आपल्या विदर्भातही होते, चिखलदऱ्याला. शिवाय ती संत्र्याच्याच जातकुळीची म्हणावी अशी वागते. लावल्यावर तीन-चार वर्षं हात रिकामे (संत्र्याला पाच-सहा), मग वर्षातून एकदा पैसा, आणि भाव पडला म्हणून सोयाबीनसारखी पुढच्या हंगामात मोडता येत नाही.

धान्य विकत आणायचा हिशेब भाव असतो तोवरच जुळतो. जुलै 1989 मध्ये कॉफीची आंतरराष्ट्रीय कोटा पद्धत (कोणत्या देशानं किती कॉफी निर्यात करायची याचं ठरलेलं वाटप) मोडली आणि काही महिन्यांत भाव निम्म्याच्या आसपास आला. पण तोडणीची मजुरी कुठे निम्मी होते? एक किलो तयार कॉफीला पाच-सहा किलो लाल फळं लागतात. ती एकदम पिकत नाहीत, म्हणून हातानं, चार-चार फेऱ्या करून तोडावी लागतात. अशा वेळी घरात दाणा नसेल तर हातातला पैसा किराण्यात जातो आणि खत, छाटणी, खोडाची तपासणी राहून जाते. अरेबिका जातीच्या कॉफीला नडतं ते इथेच. पांढरा खोडकिडा उन्हात उघड्या पडलेल्या खोडाच्या सालीत अंडी घालतो. पोखरलेली झाडं वेळेत उपटून जाळली नाहीत तर तो पसरतो. एका वर्षाचा पडलेला भाव मग बागेतून दोन-तीन वर्षं वसूल होत राहतो. घरचं धान्य बाग वाचवतं, ते असं.

कर्नाटकातल्या कोडगूत कॉफीच्या बागेतल्या सावलीच्या झाडांवर मिरीचे वेल चढवतात. वाळवलेली मिरी राखून ठेवता येते, गरजेला विकता येते. दक्षिण इथिओपियात कॉफीशेजारी एन्सेट लावतात. केळीसारखं दिसणारं हे झाड वर्षानुवर्षं उभं असतं, लागेल तेव्हा तोडून त्याचा गर खड्ड्यात आंबवून खातात. यात गरिबी कुठे आली? आपल्याकडे संत्रा असा राखून ठेवता येत नाही. बांगलादेशनं आयात शुल्क वाढवत नेलं तेव्हा वरुड-मोर्शीच्या संत्र्याची निर्यात घटून भाव कसा पडला, ते तुम्हाला ठाऊक आहे.

तुमचा एक आक्षेप मात्र पूर्ण मान्य. "बागेत कोणतंही आंतरपीक चालतं" हे माझं वाक्य चुकीचं होतं, ते काढलं आहे. संत्र्याच्या आंबिया बहाराला (हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्याला) डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून ताण द्यायचा असतो आणि नेमकं तेव्हाच गव्हाला पाणी हवं असतं. दोन्ही एकत्र केलं की ताण बसत नाही, फूल विस्कळीत येतं.

तुमच्या नव्या दोन एकरांसाठी: 20 बाय 20 फुटांवर एकरी संत्र्याची 108 झाडं बसतात. पहिली चार-पाच वर्षं ओळींमध्ये खरिपात मूग किंवा सोयाबीन, रब्बीत हरभरा घ्या. मिरची, वांगी, टमाटे नकोत. खोडाभोवती तीन फूट मोकळे सोडा, कारण डवऱ्याची (निंदणाच्या औताची) जखम झाली की तिथूनच डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायला लावणारा बुरशीचा रोग, शिरतो. पाणी दुहेरी आळ्यातून द्या, म्हणजे खोडाभोवती आतलं आळं कोरडं ठेवून बाहेरच्या आळ्यात सोडा, खोडाला लागू देऊ नका. बाग फळाला आली की आंतरपीक बंद, कारण अन्न घेणाऱ्या मुळ्या वरच्या फूटभर मातीतच पसरलेल्या असतात. ज्वारी-तुरीसाठी अर्धा एकर वेगळा राखा, बागेच्या पाण्यापासून दूर.