छातीत धडधडलं की पिशवी तोंडाला लावू नका

गेल्या गुरुवारी रात्री माझी धाकटी बहीण स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली दिसली. पाठ फ्रिजला टेकलेली, गुडघे पोटाशी घेतलेले आणि तोंडावर कागदाची पिशवी घट्ट धरलेली. प्रत्येक श्वासाला पिशवी फुगत होती, आक्रसत होती. तिला पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचे झटके येतात, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. दोन महिन्यांपासून उपचार चालू आहेत आणि चांगला फरकही पडतोय. मग ही पिशवी कुठून आली? तिने फोन पुढे केला. मावशीचा फॉरवर्ड होता. वर प्रेमाने लिहिलेलं, "वाच गं, तुझ्यासाठीच आहे."

'चिंता मुळापासून घालवा, एकही गोळी न घेता' असं त्या मेसेजचं शीर्षक. त्यानंतरच्या दोन दिवसांत तो मला आणखी दोन ग्रुपवर दिसला. त्यात सहा गोष्टी ठासून सांगितल्या आहेत: चिंता हा आजारच नाही, मनाचा कमकुवतपणा आहे, गोळ्यांचं व्यसन लागतं, आजच बंद करा, अटॅक आला की कागदी पिशवीत श्वास घ्या, जिथे भीती वाटते तिथे जाऊच नका, थेरपी म्हणजे पैसे मोजून मारलेल्या गप्पा, आणि रोज ध्यान केलं की बाकी कशाची गरज नाही.

पिशवीपासूनच सुरुवात करते, कारण या सल्ल्याने माणूस जाऊ शकतो.

हा सल्ला आला कुठून ते समजण्यासारखं आहे. घाबरल्यावर आपण भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. पिशवीत सोडलेली हवा परत आत घेतली की कार्बन डायऑक्साइड भरून निघतो, असा हिशेब. पण त्याच पिशवीतला ऑक्सिजन प्रत्येक श्वासाला घटत जातो, आणि मेसेज लिहिणाऱ्याने हे कुठेच सांगितलेलं नाही. मायकेल कॅलहम या डॉक्टरांनी 1989 मध्ये 'ॲनल्स ऑफ इमर्जन्सी मेडिसिन' या नियतकालिकात नेमकं हेच दाखवून दिलं. निरोगी माणसांनी पिशवीत श्वास घेतला तेव्हा त्यांचाही ऑक्सिजन खाली आला. त्याच लेखात तीन रुग्णांची हकीकत आहे. ते नुसते घाबरलेले नव्हते. कुणाच्या रक्तात आधीच ऑक्सिजन कमी होता, कुणाच्या हृदयाचा रक्तपुरवठा तुटत होता. धाप लागलीय म्हणजे घाबरलाय असं समजून त्यांना पिशवी दिली गेली. तिघेही दगावले.

छातीत दुखणं, धाप, घाम ही लक्षणं पॅनिक अटॅकची आहेत, तशीच हृदयविकाराच्या झटक्याचीही आहेत. दम्याचा झटका आणि फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी यांतही धाप लागते, छाती भरून येते. घरी बसून हा फरक कोण ओळखणार? असा त्रास पहिल्यांदाच झाला असेल, किंवा नेहमीपेक्षा वेगळा वाटत असेल, तर तडक दवाखान्यात जायचं. तपासण्या नीट आल्या आणि डॉक्टरांनी हा पॅनिक अटॅक आहे असं सांगितलं, तरी पिशवी नकोच. माझ्या बहिणीच्या बाबतीत तर पिशवीने दुसराच घात केला, तो पुढच्या मुद्द्यात येतो.

'जिथे भीती वाटते तिथे जाऊ नका.' वाचायला किती समजूतदार वाटतं! या एका वाक्याने माझ्या बहिणीचं दीड वर्ष खाल्लंय, तेही मेसेज येण्याच्या कितीतरी आधी, कारण आम्ही घरचे तिला हेच सांगत होतो. पहिला अटॅक लिफ्टमध्ये आला, म्हणून लिफ्ट सोडली. मग गर्दीची बस सोडली. मग एकटीने कुठे जाणं सोडलं. दरवेळी न जाण्याने तिला हायसं वाटायचं आणि आम्हालाही बरं वाटायचं. पण मेंदू त्यातून एकच गोष्ट शिकत होता: गेलो नाही म्हणून वाचलो. भीती जिथल्या तिथे राहिली आणि तिचं अंगण मात्र मोठं होत गेलं. पर्समधली पिशवीही हेच शिकवते. अटॅक काही मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि आपोआप उतरतो. पण हातात पिशवी असली की श्रेय पिशवीला जातं, आणि पिशवी घरी राहिली तर आपण मरू अशी नवी भीती तयार होते.

उपचार याच्या नेमका उलट चालतो, आणि तो काही कालपरवा निघालेला नाही. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची नोंद प्रसिद्ध केली. मूल खाण्यात रमलेलं असताना ससा लांब ठेवायचा आणि हळूहळू जवळ आणायचा. शेवटी ते मूल सशाला हात लावू लागलं. आजच्या उपचारात यापुढचं पुष्कळ काही आहे, पण टप्प्याटप्प्याने भीतीजवळ जाण्याचं तत्त्व तेच आहे.

म्हणून 'थेरपी म्हणजे गप्पा' हे वाचून माझं डोकंच फिरलं. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, सगळे जिला सीबीटी म्हणतात, तिच्या एका सत्रात माझी बहीण काय करते ते सांगते. नाक चिमटीत धरून बारीक नळीतून श्वास घेते. खुर्चीत बसून गरगर फिरते. जागच्या जागी धावते. अटॅकमध्ये जे जे होतं ते सगळं, धाप, चक्कर, धडधड, मुद्दाम अंगावर आणायचं आणि ते उतरेपर्यंत पळून जायचं नाही. पहिल्या दिवशी तिने 15 सेकंदांत नळी फेकली आणि रडली. आता पूर्ण मिनिटभर घेते. तिच्या वहीत दोन रकाने आहेत, 'काय होईल असं वाटलं' आणि 'काय झालं'. एक ओळ तिला विचारून इथे देते. डावीकडे: 'बेशुद्ध पडेन, 90 टक्के खात्री.' उजवीकडे: 'चक्कर आली. पडले नाही. 8 मिनिटांत उतरलं.' बेशुद्ध पडायला सहसा रक्तदाब खाली यावा लागतो आणि घाबरल्यावर तो बहुधा वर जातो, हे तिला थेरपिस्टने समजावलं होतंच. पण विश्वास बसला तो वहीतल्या अशा ओळी साठल्यावर. या गप्पा आहेत? उपचारांबाबत शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने 2011 मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत पॅनिकसाठी एकूण 7 ते 14 तासांची सीबीटी सुचवली आहे. म्हणजे वर्षानुवर्षं पैसे मोजत राहायचं, हेही खरं नाही.

गोळ्यांच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते नाकारत नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम या जातीच्या गोळ्यांनी तासाभरात बरं वाटतं आणि त्यांची सवय लागू शकते. पॅनिक डिसऑर्डरसाठी, म्हणजे असे अटॅक पुन्हा पुन्हा येण्याच्या आजारासाठी, त्या देऊ नयेत असंच तीच मार्गदर्शिका म्हणते. जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने या गोळ्या घेणारी माणसं मीही पाहिली आहेत. पण एस्सिटालोप्राम, सर्ट्रालाइन यांसारखी औषधं वेगळी आहेत. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला कधीकधी बेचैनी वाढते, आणि त्यांची झिंग येत नाही, हाव सुटत नाही. मेसेजने दोन्ही एकाच पोत्यात भरली आणि वर लिहिलं 'आजच बंद करा'. या दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या अचानक सोडल्या तर चक्कर येते, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतं. आणि सवय लागते म्हणून ज्यांची भीती घातली आहे त्या पहिल्या प्रकारच्या गोळ्या बरेच दिवस घेऊन एकदम थांबवल्या तर फिट्सही येऊ शकतात. सोडायच्या असतील तर डॉक्टरांना सांगून, डोस हळूहळू उतरवत. माझ्या बहिणीने मेसेज वाचून दोन दिवसांच्या गोळ्या चुकवल्या होत्या. हे मला शनिवारी कळलं.

ध्यानाबद्दल वाद नाही. 2023 मध्ये 'जामा सायकिॲट्री'त छापून आलेल्या एका अभ्यासात 8 आठवड्यांचं माइंडफुलनेसचं, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे सजगपणे लक्ष देणाऱ्या ध्यानाचं, प्रशिक्षण एस्सिटालोप्रामच्या तोडीस तोड ठरलं. पण तिथे ठरलेला अभ्यासक्रम होता, शिकवणारे होते, रोजचा सराव होता. मेसेजमधलं 'डोळे मिटा आणि वाईट विचार काढून टाका' हे ते नव्हेच. वाईट विचार ढकलायला गेलं की ते जास्तच उसळून येतात, हे कुणीही पाच मिनिटं करून पाहावं.

राहिला 'कमकुवत मना'चा मुद्दा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2021 मध्ये जगात सुमारे 35 कोटी 90 लाख लोकांना चिंताविकार होता, आणि त्यातल्या जेमतेम चौघांतल्या एकाला उपचार मिळतात. बाकीचे तिघे बहुतेक असेच मेसेज वाचत बसलेले असतील. यावर मला जास्त लिहायचं नाही.

मावशीला मी फोन केला. ती रागावली नाही, उलट रडवेली झाली. म्हणाली, "अगं, मला वाटलं पोरीला उपयोग होईल." तिने ज्यांना ज्यांना मेसेज पाठवला होता त्यांना 'पिशवी वापरू नका, गोळ्या थांबवू नका' असं पुन्हा एकेकाला लिहिलं, तेवीस जणांना. बहिणीने गोळ्यांचं डॉक्टरांना कळवलं, त्यांनी सांगितल्याप्रमाणे त्या पुन्हा चालू आहेत. पर्समधली घडी घातलेली दुसरी पिशवी तिने आपणहून काढून माझ्या हातात दिली. या आठवड्याचा तिचा अभ्यास आहे लिफ्टने आठव्या मजल्यापर्यंत, एकटीने, रोज दोनदा. काल ती पाचव्यावर उतरली, थोडा वेळ तिथेच उभी राहिली आणि पुढचे तीन मजले पुन्हा लिफ्टनेच गेली.